घरतबायची सही

घरतबाय कधी खुर्चीला टेकून बसली नाही. नवीन पनवेलमधल्या तिच्या ऑफिसात पोरापोरींना मागे झुकणाऱ्या, चाकांच्या खुर्च्या होत्या. स्वतःला मात्र लाकडी स्टूल. एक पाय दुमडून, दुसरा खाली सोडून, पाठ ताठ ठेवून ती त्यावर बसायची. समोर संगणक नसता तर ही बाई मासळीबाजारातच बसली आहे असं वाटलं असतं. "टेकला का मानूस ऐकायचा बंद व्हतो," म्हणायची. मी तिच्यासमोर कित्येक वर्षं टेकून बसलो.

पूर्ण नाव लीला घरत. माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं, दिली पनवेलजवळच्या कोन गावात. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागली, नोकरी करता करता इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, आणि पन्नाशीच्या अलीकडे नोकरी सोडून, भूखंड गहाण टाकून स्वतःची कंपनी काढली. नवरा शेतकरी, अबोल. तो म्हणे एवढंच बोलला, "बुडली तर माज्या नावानं रडू नको." ती हसत सांगायची हे. मीही हसायचो.

कंपनीचं काम समजायला मला दोन-तीन महिने गेले, पण सांगायला सोपं आहे. परदेशात मोबाइल कंपन्या टॉवर उभारतात. तो कुठल्या टेकडीवर उभारायचा, त्यावरची अँटेना कुठे वळवायची, किती खाली झुकवायची, म्हणजे मधल्या खोलगट गावातही फोन लागेल, याचे आराखडे बायची माणसं इथे बसून काढायची. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एखादी बाई लेकाशी बोलत असेल, तर ती पनवेल-पेणच्या एखाद्या पोरीने आखलेल्या रेषेवरून बोलत असे. पैसे डॉलरमध्ये यायचे. आणि डॉलर आले की माझं काम सुरू व्हायचं. निर्यातदारांची सरकारी कागदपत्रं करणं हा माझा धंदा. जुन्या पनवेलात माझं छोटं ऑफिस होतं, अजून आहे.

नवीन माणूस कामावर घेतला की बाय त्याला पहिल्या दिवशी संगणकाला हात लावू देत नसे. त्याला गाडीत घालून चिरनेरच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर न्यायची. मी काही तिचा नोकर नव्हतो, पण मलाही नेलं. म्हणाली, "आमचे कागद तू करनार, तर आमी काय करतो ते बघ तरी."

वाडीत कुठेच रेंज नव्हती. एका चिंचेच्या फांदीला प्लास्टिकच्या पिशव्या लटकत होत्या आणि प्रत्येक पिशवीत एकेक मोबाइल. तेवढ्या एका जागी सिग्नल यायचा. झाडाखाली एक कातकरी बाई कोयता मांडीवर घेऊन बसली होती. बायने तिला विचारलं, "कामाला नाय गेलीस गं?"

"पोरगा भट्टीवर गेलाय, लांब. फोन केलान आन मी नसले तर?"

"कधी करनार हाय?"

"काय म्हाईत. कालपासून बसलेय."

बाय माझ्याकडे वळली. "घे. आता इथून हाक मार कोनाला तरी."

मी गंमत केली, "इन्कम टॅक्सवाल्यांना मारू?"

"त्यांना हाक लागत नाय रं. त्ये आपसूक येतात."

परतताना गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत ती मागे वळून वाडीकडे बघत होती. मग म्हणाली, "आमचं काम म्हंजे त्या बाईला झाडाखालून उठवनं. बाकी तू कागदावर काय नाव देशील त्ये दे."

मी नाव दिलं, आणि त्या नावाबद्दल मी इतकी वर्षं कुणाशी बोललो नाही.

त्या काळात सेवा निर्यात करणाऱ्यांसाठी सरकारची एक सवलत होती. तुम्ही जितकं परकीय चलन आणलंत त्याच्या काही टक्के तुम्हाला बक्षीस. रोख नव्हे, आयात शुल्क भरायला चालेल असा परवाना मिळायचा. ज्याला आयात करायची नाही तो बाजारात विकून पैसे करायचा. बऱ्याच धंद्यांना ही सवलत होती, काहींना नव्हती. नसणाऱ्यांच्या यादीत एक ओळ होती: दूरसंचार क्षेत्रात सेवा पुरवणारे.

ती ओळ मी वाचली होती, हे पहिलं सांगतो. आणि माझं मत खोटं नव्हतं, हेही सांगतो. बायची कंपनी कुणाचा फोन जोडून देत नव्हती, तिच्याकडे दूरसंचाराचा परवाना नव्हता, एकही कॉल तिच्या तारेवरून जात नव्हता. ती आराखडे विकत होती. आराखड्याला अभियांत्रिकी सल्ला म्हणता येत होतं, आणि त्याला सवलत होती. पण उलटंही म्हणता येत होतं. जिचं प्रत्येक गिऱ्हाईक मोबाइल कंपनी, जिची प्रत्येक रेघ टॉवरची, ती दूरसंचार क्षेत्रात नाही तर कुठे? दोन्ही बाजू मला माहीत होत्या. बायला मी एकच सांगितली. माझी फी मिळणाऱ्या रकमेच्या टक्क्यावर होती.

बाय सही कशी करायची ते लिहिलं पाहिजे. आधी पदराला हात पुसायची, ओला नसला तरी. मग इंग्रजी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीखाली बोट फिरवत वाचायची. अडलं तर विचारायची, लाजायची नाही. मग मराठीत, पूर्ण नाव. "सही म्हंजे आपुन स्वता त्या कागदावर जाऊन उभं रायचं," असं ती नव्या पोरांना सांगायची.

त्या दिवशी मी घाईत होतो. अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. तिने बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि विचारलं, "यात आपुन बसतो ना रं शिरीष?"

"बसतो."

"नक्की?"

"बाय, मी बघितलंय सगळं. नुसती सही कर, मला पुढे जायचंय."

तिने बोट उचललं. "तू बघितलंस म्हंजे बघितलं," म्हणाली. पदराला हात पुसून सही केली. तिने न वाचता केलेली तेवढी एकच सही मला माहीत आहे.

अर्ज मंजूर झाला, परवाना विकला, मोठी रक्कम आली. मी तिला म्हटलं, कर्ज फेड. तिने मान हलवली. आणि मग मला ती गोष्ट कळली जी कुठल्याही सल्लागाराने आधी विचारून घ्यायला हवी होती.

तिच्या माहेरची मिठागरं प्रकल्पात गेली तेव्हा मोबदल्याचे पैसे एकदम घरात आले होते. तिच्या धाकट्या भावाने त्यातून गाडी घेतली. पुढच्या पौर्णिमेच्या आत ती गाडी आणि तो, दोन्ही रस्त्यावरून गोळा करावे लागले. त्यांच्या आळीत त्या वर्षी असे आणखीही गेले. कुणी गाडीवर, कुणी बाटलीत. तेव्हापासून तिच्या आईने नियम घातला आणि बायने तो पाळला: बिनघामाचा पैसा घरात पुढची पुनव बघता कामा नये. बघितली, तर तो पैसा माणूस मागतो.

"ह्यो पैसा घामाचा नाय," ती मला म्हणाली. "घामाचा डॉलर आला, त्यो बँकेत हाय. ह्यो वरचा हाय."

"बाय, हा तुझा हक्काचा आहे."

"हक्काचा आन घामाचा येगला."

पुनवेच्या आत तिने सगळी रक्कम वाटून टाकली. इंजिनिअर, ड्रॉइंगवाल्या पोरी, झाडूवाली, खालचा वॉचमन, सगळ्यांना. कुणी कोनला घराचं बुकिंग केलं, कुणी बहिणीचं लग्न उरकलं, कुणी बापाचं ऑपरेशन केलं. झाडूवालीने दोन शेळ्या घेतल्या आणि एकीचं नाव लीला ठेवलं. त्यावरून ऑफिसात आठवडाभर धुमाकूळ चालला. बाय तिला विचारायची, "लीला दूध देते का नुसतीच वरडते?"

मीही हसत होतो. फक्त एक वाक्य तेव्हा माझ्या जिभेवर होतं: बाय, हे पैसे सरकार परत मागू शकतं, थोडे बाजूला ठेव. ते बोलायचं, तर का मागू शकतं हे सांगावं लागलं असतं. आणि मग 'नक्की?' या प्रश्नावर मी काय उत्तर दिलं होतं, तिथपर्यंत मागे जावं लागलं असतं.

दुसऱ्या वर्षी त्याच प्रतिज्ञापत्राच्या आधारावर दुसरा अर्ज केला. तो मंजूर व्हायच्या बेतात असताना अन्सारीभाई भेटले. माझ्याच धंद्यातले, वयाने मोठे. पनवेल स्टँडासमोरच्या हॉटेलात त्यांनी मला हाताला धरून बसवलं.

"शिरीष, वो टॉवरवाली बाई तुझी ना?"

"हो. का?"

"टेलिकॉमच्या सगळ्या फायली तपासायला मागवल्यात. जुन्या पण. वसुली निघणार, सूदसकट. माझ्या एका पार्टीची पण गेलीय." त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "दुसरी फाइल मागे घे. आणि पहिल्याचा पैसा शाबूत असेल तर तसाच ठेवायला सांग. खुदा के वास्ते, आज सांग. उद्या नको."

"पण आपण आराखडे करतो, भाई. फोन नाही जोडत."

"ते तू मला नको समजावू. ते तिला समजाव. तिला माहीत तर आहे ना?"

मी चहा प्यायलो.

त्याच आठवड्यात बायने मला जेवायला बोलावलं. ऑफिसातच, पत्र्याच्या टेबलावर. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, माझ्यासाठी वेगळं वालाचं बिरडं. ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. भाकरी मोडता मोडता तीच बोलायला लागली. बाहेर उधाणाचे दिवस होते, बातमीत खाडीकाठच्या गावांबद्दल काहीतरी येत होतं, त्यावरून तिला तिच्या आजोळचा गणपा आठवला.

"खारभूमीच्या बांधाला भोक पडतं, ठाव हाय ना? त्याची खांड व्हते. आमच्यात रीत काय, ज्याला पयली दिसली त्यानं बोंब मारायची आन तितंच पाठ लावून बसायचं, लोक चिखल घेऊन येस्तवर. मग तो सावकार असूदे नायतर चोर. गनपाला दिसली. बोटभर व्हती. त्याला भूक लागलेली. म्हनला, बोटभर तर हाय, जेवून येतो आन सांगतो."

"मग?"

"मग काय. जेवून आला तवर बैलगाडी जाईल येवढी झाली. खालची सगली शेतं खारी. काय पिकलं नाय किती वर्सं."

"आणि गणपा? बुडाला?"

"नाय रं. जगला. लय जगला." तिने माझ्या ताटात आणखी बिरडं वाढलं. "त्येच वंगाल झालं त्याचं."

मी जेवलो. हात धुतले. बिरडं छान झालं होतं असं म्हणालो आणि निघालो.

दुसरी रक्कम आली. माझा टक्का मी घेतला. पौर्णिमा जवळ होती. बायने पहिल्यासारखीच सगळी वाटली. त्या संध्याकाळी ऑफिसात पेढे होते. एक पोरगी मला म्हणाली, "सर, तुम्ही तर आमचे देवच," आणि खरोखर वाकली. मी मागे सरलो तो कपाटावर आदळलो.

त्यानंतरचे महिने मला आठवतात ते आवाजांनी. फोन वाजला की मी आधी नंबर बघायचो. जिन्यात बूट वाजले की समोरची फाइल मिटायचो. अन्सारीभाई रस्त्यात दिसले तर मी दुकानात शिरायचो. आणि बाय, जी अँटेनाचा कोन तळहात डोळ्यांसमोर धरून सांगायची, तिला माझ्या पाठीचा कोन दिसल्याशिवाय कसा राहील? एक दिवस स्टुलावरून म्हणाली, "शिरीष, तू हल्ली टेकत नायस."

"कंबर दुखते."

"दाखव कोनाला तरी," म्हणाली. बघत राहिली.

नोटीस आली तेव्हा ती ऑफिसच्या पत्त्यावर आली. दोन्ही रकमा, व्याजासकट, परत करा. आणि अपात्र असूनही खोटं प्रतिज्ञापत्र का दिलंत याचा खुलासा करा. बायने ती ओळीखाली बोट फिरवत वाचली. त्या यादीतल्या ओळीपाशी बोट थांबलं. तिने मला काही विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "हितं असं लिवलंय."

"आपण त्यात येत नाही, बाय. मी युक्तिवाद तयार करतो. चांगली केस आहे."

"पोरांकडून परत मागायचं नाय," ती म्हणाली. "बाकी तू काय करायचं ते कर."

सुनावणीला आम्ही दोघं मुंबईला गेलो. लांब टेबल, पलीकडे एक अधिकारी, सभ्य माणूस, बायला आधी पाणी दिलं. मी माझी बाजू मांडली. आराखडे, परवाना नाही, फोन जोडत नाही. तो लक्षपूर्वक ऐकत होता, मध्ये मान हलवत होता. माझं आजही मत आहे की तो मुद्दा त्याला पटत चालला होता. मग त्याने प्रतिज्ञापत्र पुढे सरकवलं आणि तिला विचारलं, "ताई, ही सही तुमची?"

"माजी."

"दूरसंचार क्षेत्राला ही सवलत नाही, हे सही करताना तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? नीट आठवून सांगा. तुम्हाला माहीत नसेल, सल्लागाराने अंधारात ठेवलं असेल, तर ती गोष्ट वेगळी होते. मग प्रश्न फक्त रकमेचा राहतो."

दार उघडं करून दिलं होतं त्याने. बायने फक्त त्यातून बाहेर यायचं होतं. बाहेर आली असती तर आत मी सापडलो असतो. माझा धंदा त्या दिवशी संपला असता.

ती माझ्याकडे वळली. राग नव्हता. ती मला वेळ देत होती. खोलीत पंखा फिरत होता, अधिकाऱ्याचं पेन थांबलेलं होतं, आणि दोघंही थांबले होते. बोलायला माझ्याइतकी मोकळी जागा आयुष्यात कुणाला मिळाली नसेल.

मी समोरच्या कागदांच्या कडा जुळवत बसलो.

"वाचून केली," घरतबाय म्हणाली. "सही माजी हाय. वाचल्याबिगर मी सही करत नाय."

अधिकाऱ्याने पेन टेकवलं. जाणूनबुजून खोटं निवेदन, असं त्याचं रूप झालं. मुद्दा पात्र की अपात्र याचा उरलाच नाही. रक्कम, व्याज, वर दंड, आणि तिच्या कंपनीचा निर्यातीचा क्रमांक गोठवला. क्रमांक नाही म्हणजे डॉलर नाहीत, डॉलर नाहीत म्हणजे पगार नाहीत. खाली रस्त्यावर आल्यावर तिने वडापाव घेतला, अर्धा मला दिला. परतीच्या वाटेवर ती खिडकीतून खाडीकडे बघत होती. मी विचारलं नाही की असं का केलंस. विचारायला तोंड नव्हतं, आणि उत्तर मला झेपलं नसतं.

कोनचा भूखंड विकला गेला. पोरंपोरी एकेक करून दुसरीकडे लागली. जाताना प्रत्येकाने माझ्याशी हात मिळवला. एक पोरगी दंड भरायला हातभार म्हणून बांगड्या घेऊन आली होती, तर बायने तिला जिन्यापर्यंत हाकललं, "तुज्या आईच्या हातातल्या काडून माज्या बोडक्यावर घालतेस? चल, नीघ!"

शेवटच्या दिवशी मी गेलो. सांगायचंच, असं ठरवून. ऑफिस रिकामं होतं. भिंतींवर नकाशे होते तिथे फिकट चौकोन उरले होते. बाय फोनवर होती, आफ्रिकेतल्या त्या गिऱ्हाइकाच्या माणसाला अर्धवट राहिलेल्या टॉवरांचे कोन एकेक करून सांगत होती, म्हणजे त्यांचं काम अडू नये. त्याचे पैसे तिला मिळणार नव्हते. संपल्यावर तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाय, मला काहीतरी सांगायचंय. पहिल्या अर्जाच्या वेळी..."

"सांगू नको."

"ऐक तरी. अन्सारीभाईंनी मला..."

"शिरीष." आवाज चढला नाही. "तू सांगशील, तर मना तुला माफ करायला लागंल. मी कराया बसले तर करीन पन. मना नाय करायचं. तुज्याकडंच रायला पायजे ते."

मग पदराला हात पुसून उठली आणि म्हणाली, "टेबल न्यायचंय खाली. टेम्पोवाला वर येत नाय, मेला. धर त्या बाजूनं."

पत्र्याचं टेबल जड होतं. लिफ्ट बंद. जिन्यात वरच्या बाजूला मी आणि खालच्या बाजूला ती, उलट्या पावली उतरत, तोंड माझ्याकडे. तिला पायऱ्या दिसत नव्हत्या, मला दिसत होत्या. वळणावर थांबून तिने श्वास घेतला.

"शेवटची पायरी आली का सांग हां. गुडघा धड नाय माजा."

"सांगतो."

आम्ही उतरू लागलो. "आहे," मी म्हणत होतो, "अजून आहे. अजून आहे." तिचा चेहरा समोर होता, घामाने भिजलेला, आणि ती एकटक माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काय म्हणतो याकडे. खालची फरशी मला दिसली. शब्द तोंडात आला. आणि काय झालं मला माहीत नाही, तो बाहेर आलाच नाही. मी नुसता तोंड उघडून तिच्याकडे बघत राहिलो.

तिने क्षणभर वाट पाहिली. मग टेबल तसंच पेलत एक पाय मागे टाकला, हवेत चाचपला, हळूच खाली सोडला. फरशी लागली.

"लागली," ती स्वतःशीच म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता टेबल टेम्पोकडे ओढायला लागली.